क्रँकचे ऑइल सील : आधी निदान, मग पाना

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर वाचून काहींना नवल वाटले असेल. वर्गात मराठी आणि इतिहास शिकवणारा बी. ए., बी. एड. मास्तर मोटारसायकलच्या ऑइल सीलवर काय बोलणार, अशी शंका येणे साहजिक आहे. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मोटारसायकल ही हौसेची वस्तू नाही. तिच्यावर कोणाचे पाव पोचतात, कोणाचे दूध पोचते, कोणी पहाटे मंडईत जातो. ती आठ दिवस गॅरेजात पडली तर घरखर्चाला धक्का बसतो. आणि आपल्याच शाळेच्या बाकावर बसून गेलेली काही मुले आज त्या गॅरेजात हातात पाना घेऊन उभी आहेत. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे, असे मी मानतो.

ऑइल सील म्हणजे काय, ते प्रथम पाहू. बाहेरून पोलादी कडे, त्याला जडवलेले रबर, रबराच्या आतल्या कडेला एक पातळ ओठ, आणि तो ओठ शाफ्टला चिकटून राहावा म्हणून त्याच्या पाठीमागे बारीक स्प्रिंगचे वेटोळे. तळहातावर सहज मावणारी ही वस्तू आहे. तिच्या अंगावर बहुधा तीन आकडे असतात, उदाहरणार्थ २५, ४०, ८. पहिला आकडा शाफ्टचा व्यास, दुसरा सीलचा बाहेरचा व्यास, तिसरा जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. सातवीच्या मुलाला हे वाचता येते. पण दुकानात जाऊन “अमुक गाडीचा सील द्या” एवढेच म्हणणारा मोठा माणूस पुष्कळदा ते आकडे न बघताच घरी येतो.

आता हा सील कोणाची राखण करतो? यासाठी टू-स्ट्रोक इंजिनाची रचना समजून घेतली पाहिजे. राजदूत, म्हैसूरची येझदी, १९८५ ते १९९६ या काळात निघालेली यामाहा आर. एक्स. १००, जुन्या स्कूटरी, लूना, या सर्व गाड्या टू-स्ट्रोक. सन २००० नंतर धुराचे नियम कडक होत गेले आणि अशा मोटारसायकली नवीन निघणे बंद झाले. तरी जुन्या गाड्या अजून धावतात, आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी जाणत्या हातांची गरज आहे.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन, म्हणजे आपल्या शालेय पुस्तकातला दट्ट्या, दोन कामे एकदम करतो. तो वर जातो तेव्हा डोक्यावरचे मिश्रण दाबतो. त्याच वेळी त्याच्या पोटाखालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, पोकळी तयार होऊन कार्बोरेटरमधून पेट्रोल आणि हवा आत ओढली जाते. पिस्टन खाली येतो तेव्हा पेटीतले तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलेंडरमध्ये चढते. इंग्लंडमधील बाथ गावच्या जोसेफ डे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पेटी पंपासारखी वापरण्याची युक्ती काढली. सायकलचा पंप ज्याने मारला आहे त्याला ती लगेच कळेल. पंपाचे वॉशर फाटले की दांडा वरखाली होतो पण हवा भरत नाही. क्रँककेसचे वॉशर म्हणजे हे दोन ऑइल सील. क्रँकशाफ्टची दोन टोके पेटीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतात. एका टोकाला मॅग्नेटो असतो, दुसऱ्या टोकाला क्लचकडे जाणारे गिअर किंवा चेन. दोन्हीकडे एकेक सील पहारा देतो.

हा पहारा किती कठीण आहे याचा थोडा हिशोब करू. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० फेरे झाले. म्हणजे सील एका सेकंदात शंभर वेळा आत ओढला जातो आणि शंभर वेळा बाहेर ढकलला जातो. शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर धरला तर परीघ सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर मिलिमीटर. त्याला शंभराने गुणा. सीलच्या ओठाखालून शाफ्टचा पृष्ठभाग सेकंदाला जवळजवळ आठ मीटर वेगाने सरकत असतो. ओठ टिकतो तो तेलाच्या अतिशय पातळ थरावर. तो थर गेला, की रबर जळते. ‘पाय’ची किंमत पाठ करून काय उपयोग, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याने हा हिशोब वहीत लिहून ठेवावा.

आता मी मुख्य मुद्द्यावर येतो. सील खराब झाला हे ओळखायचे कसे? माझ्या पाहण्यातला प्रकार सांगतो. एका विद्यार्थ्याच्या वडिलांची गाडी पांढरा धूर टाकू लागली. गॅरेजवाल्याने सांगितले, पिस्टन गेला. बोअर मारून झाला, नवा पिस्टन बसला, पैसे गेले. पंधरा दिवसांनी धूर तसाच. पुन्हा पिस्टन-रिंगा बदलल्या. धूर तसाच. शेवटी दुसऱ्या गावच्या एका वयस्क उस्तादांनी गाडीला पाना न लावता विचारले, “गिअरचे तेल शेवटचे कधी मोजले?” मोजले तर जेमतेम निम्मे उरलेले. बाहेर एक थेंब गळती नाही. मग ते तेल गेले कुठे? क्लचच्या बाजूचा सील फाटला होता, आणि इंजिन दर फेऱ्याला गिअरचे तेल ओढून जाळीत होते. काही तासांच्या कामाने आणि एका लहानशा सीलने जे झाले असते, त्यासाठी त्या गृहस्थांनी दोन वेळा इंजिनाचे पैसे भरले.

म्हणून दोन्ही बाजूंची लक्षणे वेगवेगळी ध्यानात ठेवा.

क्लचच्या बाजूचा सील गेला असेल, तर इंजिन तापल्यावरही दाट पांढरट-निळा धूर थांबत नाही, प्लग तेलकट होतो, आणि गिअरचे तेल बाहेर न गळता कमी होते. कधी उलटेही घडते. पेटीतले पेट्रोल दाबाने गिअरच्या तेलात शिरते; मग तेल पातळ होते, वाढल्यासारखे दिसते आणि त्याला पेट्रोलचा वास येतो. धूर दिसला की आधी पेट्रोलमध्ये टू-टी तेल प्रमाणाबाहेर तर पडत नाही ना, हे बघावे. मग गिअरच्या तेलाची पातळी मोजून लिहून ठेवावी आणि पेट्रोलच्या दोन टाक्या संपल्यावर पुन्हा मोजावी. ही परीक्षा फुकट आहे.

मॅग्नेटोच्या बाजूचा सील गेला असेल तर धूर येत नाही, आणि म्हणूनच तो जास्त घातक. त्या बाजूला तेल नसते, म्हणून इंजिन तिथून कोरडी हवा ओढते. कार्बोरेटरने मोजून दिलेल्या मिश्रणात ही चोरटी हवा मिसळली की पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी रेस लवकर खाली येत नाही. आज ट्यूनिंग केले तर उद्या बिघडते. प्लग पांढरा पडतो. इंजिन जास्त तापते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच तेल येत असल्यामुळे पेट्रोल कमी पडले की वंगणही कमी पडते. अशा स्थितीत भर रस्त्यावर पिस्टन सिलेंडरमध्ये आवळून बसतो, त्याला आपण इंजिन जॅम झाले म्हणतो. मागचे चाक एकदम थांबते. मागे बसलेली पत्नी, पुढे टाकीवर बसवलेले मूल, यांची कल्पना करा. गाडी अशी अडखळू लागली तर ताबडतोब क्लच दाबावा, हे चालवणाऱ्या प्रत्येकाने हाताला शिकवून ठेवावे.

मात्र ही लक्षणे दिसली की सीलच गेला, असेही ठरवू नये. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबराला चीर गेली, किंवा सिलेंडरखालचे गॅस्केट फुटले, तरी नेमके असेच होते. तो रबरी जोड तर दोन बोल्ट काढून हातात घेऊन बघता येतो. सोपे ते आधी तपासावे. काही मुले चालू इंजिनवर पेट्रोल शिंपडून हवा कुठे घेते ते शोधतात. हे कधीही करू नका. त्याने गाडी पेटते आणि हातही पेटतो.

खात्रीची परीक्षा दाबाची आहे. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडे रबरी बुचांनी घट्ट बंद करावीत. पिस्टन खालच्या टोकाला आणावा, म्हणजे पेटी आणि सिलेंडर यांची वाट मोकळी होते. एका बुचातून नळी घालून हातपंपाने हवा भरावी. टायरमध्ये आपण पंचवीस-तीस पौंड हवा भरतो. इथे फक्त पाच-सहा पौंड. जास्त भरली तर चांगला सीलही जागेवरून निघेल. मग पाच-सहा मिनिटे घड्याळ लावून मीटर पाहावा. काटा स्थिर राहिला तर सील निर्दोष. काटा उतरला तर साबणाचे पाणी लावीत जावे. जिथे बुडबुडे येतील तिथे चोर सापडला. मॅग्नेटो काढल्याशिवाय त्या बाजूचे बुडबुडे दिसत नाहीत. क्लचच्या बाजूची हवा गिअरच्या पेटीत शिरते. तेल भरण्याच्या तोंडाशी किंवा हवेच्या नळीशी ती कळते.

निदान झाले, आता दुरुस्ती. मॅग्नेटोच्या बाजूने सुरुवात करू. प्रथम इंजिन बाहेरून स्वच्छ धुवावे, कारण मातीचा एक कण आत गेला तर बेअरिंगचा शत्रू ठरतो. प्लगची वायर काढावी. मॅग्नेटोचा नट सोडताना चाक योग्य होल्डरने धरावे. प्लगच्या भोकात पेचकस घालून पिस्टन अडवू नये. मॅग्नेटो काढायला त्याच गाडीचा पुलर घ्यावा आणि त्याचे आटे पूर्ण बसल्याशिवाय जोर देऊ नये. हातोड्याने ठोकून काढलेल्या मॅग्नेटोचे चुंबक सैल होते आणि क्रँकही वाकतो. शाफ्टमधली चंद्रकोरीसारखी लहान चावी निघाली की ती डबीत ठेवावी. आतली प्लेट काढण्यापूर्वी तिच्यावर आणि इंजिनवर एकाच रेषेत खूण करावी, म्हणजे जोडताना टायमिंग चुकत नाही.

आता जुना सील दिसेल. तो काढण्याची घाई करू नका. त्याची कोणती बाजू बाहेर आहे आणि तो किती खोल बसला आहे, ते आधी मोजून वहीत लिहा. जमल्यास मोबाइलवर फोटो काढा. मग सीलच्या पोलादी कड्याला ग्रीस लावलेल्या बारीक ड्रिलने भोक पाडून त्यात स्क्रू फिरवावा आणि पकडीने सरळ ओढावे. ड्रिल मागच्या बेअरिंगला लागू नये, आणि लोखंडाचा कीस आत पडू नये. पेचकसाने उचकटणे सोपे वाटते, पण शाफ्टवर किंवा सीलच्या घरावर एक ओरखडा उठला तर नवा सीलही तिथून गळेल.

नवा सील बसवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, शाफ्टचे टोक हातात धरून वर-खाली हलवून बघावे. खेळ जाणवला तर मेन बेअरिंग गेले आहे. तिथे नवा सील घालणे म्हणजे डळमळत्या चौकटीला नवे दार लावणे होय. थोड्याच दिवसांत तोही फाटेल. मग इंजिन पूर्ण खोलणेच योग्य. दुसरी, ओठ जिथे फिरतो तिथे शाफ्टवर नख फिरवावे. नख अडकले तर जुन्या ओठाने शाफ्टला खाच पाडली आहे. घरात जागा असेल तर नवा सील किंचित पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो. नाही तर शाफ्टचाच उपाय करावा लागतो.

बसवताना सीलच्या ओठाला ग्रीस लावावे. कोरडा ओठ पहिल्याच मिनिटात जळतो. शाफ्टवरच्या चावीच्या खाचेची धार रबर कापते; म्हणून त्यावर पातळ टेप गुंडाळून सील सरकवावा आणि नंतर टेप काढावी. सीलच्या बाहेरच्या कड्याएवढ्या व्यासाचा पाइपचा तुकडा घेऊन हलक्या हाताने, सगळीकडून सारखा, सरळ आत न्यावा. एका बाजूने ठोकला तर तो तिरपा बसतो. लिहून ठेवलेल्या मापाला थांबावे, कारण जास्त खोल गेला तर काही इंजिनांत बेअरिंगला तेल देणारी वाट बंद होते. मॅग्नेटो परत बसवण्यापूर्वी त्याच्या चुंबकाला लोखंडाचा कीस किंवा वॉशर चिकटला नाही ना, ते बघावे. शाफ्टचे निमुळते टोक पुसून कोरडे करावे, चावी जागेवर बसवावी, आणि नट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळावा.

क्लचच्या बाजूचे काम लांबचे आहे. गिअरचे तेल काढणे, कव्हर आणि क्लच उतरवणे, मग क्रँकवरचे गिअर काढणे. त्याचा नट काही गाड्यांत उलट्या आट्यांचा असतो, म्हणून जोर लावण्यापूर्वी मॅन्युअल बघावे. गिअरमागच्या कॉलरखाली काही इंजिनांत एक लहान ओ-रिंग असते. सील नवा घातला आणि ती जुनीच ठेवली, तर तेल तिच्या वाटेने आत जाते आणि दोष सीलच्या माथी येतो. काही इंजिनांत सील बाहेरून निघतो. काहींत तो खोबणीत अडकवलेला असतो आणि पेटीचे दोन भाग वेगळे केल्यावाचून निघत नाही. कोणत्या गाडीत काय, हे मॅन्युअलमध्ये छापलेले असते. ते वाचण्याचा कंटाळा करून ओढाताण केली की पेटीच फुटते.

आजच्या फोर-स्ट्रोक गाड्यांविषयीही दोन शब्द सांगतो. तिथे सिलेंडरमध्ये जाणारे मिश्रण क्रँककेसमधून जात नाही. पेटीत तेल असते आणि सील ते बाहेर जाऊ देत नाही. म्हणून सील गेला की तेल बाहेर दिसते. पण तिथेही घाई नको. पेटीची हवा बाहेर सोडणारी एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. ती मातीने बंद झाली की आत दाब साचून चांगल्या सीलमधूनही तेल निघते. अशा वेळी सील बदलला तर महिन्यात पुन्हा गळती. नळी साफ केली तर पैसा न खर्चता काम होते.

हातांचीही काळजी घ्या. सुटे भाग पेट्रोलने घरात धुऊ नका. रॉकेल किंवा डिझेल घ्या आणि उघड्यावर, चूल-शेगडीपासून दूर बसा. काढलेले तेल गटारात ओतू नका. डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याला द्या.

पालकहो, आता आपल्याला एक विनंती. मुलगा शिक्षणात मागे पडला की “याला गॅरेजात टाका” असे आपण सहज म्हणतो. जणू तिथे डोके लागत नाही. मी आता जे सांगितले त्यात परीघ आला, दाब आला, मापे आली, मॅन्युअल वाचणे आले आणि वहीत नोंद करणे आले. हे ज्याला येत नाही तो मुलगा पाना चालवील, पण रोग ओळखू शकणार नाही. आणि त्याच्या चुकीचे पैसे आपल्यासारखेच कोणी तरी गरीब गिऱ्हाईक भरील. म्हणून ज्याला गॅरेजात जायचे आहे त्यानेही दहावीपर्यंतचे गणित आणि विज्ञान सोडू नये. पुढे आय. टी. आय. मध्ये मोटर मेकॅनिकचा रीतसर अभ्यासक्रम आहे, त्याची चौकशी करावी. आणि जो कॉलेजात जाणार आहे त्याने सुट्टीत आठ दिवस एखाद्या जाणत्या उस्तादाजवळ बसावे. त्याच्या पुस्तकातली ‘पोकळी’ आणि ‘दाब’ त्याला तिथे हाताला लागतील.

विद्यार्थी मित्रांनो, गाडी समोर आली की पहिल्यांदा मालकाला प्रश्न विचारा, मग तेल मोजा, मग प्लग बघा. एवढे झाल्यावर पाना हातात घ्या. गिऱ्हाईकाला जुना सील काढून दाखवा आणि तो का गेला ते सांगा. असा कारागीर गावात एक असला तरी लोक त्याचे नाव विचारत दुरून येतात.

भाषणानंतर बाहेरच्या पडवीत टेबलावर दोन सील ठेवले आहेत, एक नवा आणि एक फाटलेला. ज्यांना पाहायचे असतील त्यांनी हातात घेऊन पाहावेत, मुलींनीही पाहावेत. फाटलेल्या सीलचा ओठ कुठे कडक झाला आहे, ते बोट फिरवून आपले आपण शोधावे.